पाण्याच्या ट्यूबमधली पट्टी

खारघर, रविवार

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

आधी पीएचडी करायची की महापे-रबाळ्याकडच्या एखाद्या लॅबमध्ये नोकरी धरायची, यावर शाई घालवत नाही. सहा महिने लॅबच्या बाकावर प्रयोग करत काढ, आपोआप सुटेल. पण ‘नवी तंत्रं बसवणारी माणसं दिवसभर करतात काय?’ असं जाता जाता विचारलंस, त्यावर लिहिते.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधतात, दुसरं काय! पीसीआरचंच घे, म्हणजे ट्यूब तापवून-थंड करून दर फेरीला डीएनएच्या प्रती दुप्पट करायचं तंत्र. कॅरी मुलिस यांना कल्पना सुचली १९८३ मध्ये, नोबेल मिळालं १९९३ मध्ये, हे तुला पाठच असेल. पण सुरुवातीला ट्यूब ९५ अंशांच्या आसपास तापली की प्रती बनवणारं एन्झाइम मरायचं. दर फेरीला नवं घाला! यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूचं (आपल्या वज्रेश्वरीची कुंडं आठव) टॅक एन्झाइम वापरात आलं, तेव्हा कुठे ही कटकट संपली.

आता माझी फजिती. एका पावसाळ्यात जेलवर (डीएनए असला की तिथे पट्टी उमटते) पडताळणीसाठी ठेवलेल्या नुसत्या पाण्याच्या ट्यूबलाही पट्टी दिसायला लागली. डीएनए घातलाच नव्हता! पाणी बदललं, प्रायमर (प्रतीची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) नवे मागवले. तीन आठवडे गेले. मग उमगलं, झालेल्या ट्यूबा ज्या टेबलावर उघडत होते, तिथेच दुसऱ्या दिवशीचं मिश्रण करत होते, द्रव मोजून घ्यायची पिपेटही तीच. हिशेबाने तीस फेऱ्यांत एका रेणूचे शंभर कोटींवर होतात. उडालेला एखादा थेंब पुरला. तीन आठवड्यांचे देखणे निकाल कचऱ्यात गेले. सरांना सांगायला गेले, तर ते एवढंच म्हणाले, “वहीत लिहिलंस ना?”

डॉक्टरच्या हाताला गुण असला तर बरंच. लॅबमध्ये कुणी माझ्या हाताचं तसं कौतुक केलं की मला धडकी भरते. फक्त तुझ्याच हातून जमते ती पद्धत अजून कच्ची. कागदावर उतरव, दुसऱ्याला करायला दे आणि शेजारी तोंड मिटून उभं राहा (हे सगळ्यात अवघड). तो अडखळेल तिथे तुझं काहीतरी लिहायचं राहिलंय. ‘हलवा’ म्हणजे टिचकी मारून, की व्हॉर्टेक्सवर, त्या ट्यूब घुसळणाऱ्या यंत्रावर? किती सेकंद?

उद्या गेल्या गेल्या तुझी पिपेट वजनकाट्यावर तपास. १०० मायक्रोलिटर पाणी १०० मिलिग्रॅमच्या जवळपास भरायला हवं. दहादा घे आणि दहाही आकडे मला पाठव, फसलेलेसुद्धा.

तुझी,
मावशी