वाचकांचे प्रश्न : शेजारच्या व्हर्च्युअल मशीनची मेमरी

प्रश्न : एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालत असली, तरी प्रत्येकाची मेमरी वेगळी असते असे सांगितले जाते. मग एका मशीनमधून दुसऱ्याची मेमरी वाचता येईल अशी त्रुटी मुळात कशी राहते? मशीन भाड्याने घेणाऱ्याने काय करावे?

उत्तर : ‘वेगळी’ हा शब्द थोडा फसवा आहे. सर्व्हरमधील रॅम सामाईकच असते. तिचे कोणते पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) कोणाच्या वाट्याचे, याच्या नोंदी हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) पेज टेबल नावाच्या तक्त्यांत ठेवतो आणि त्या पाहूनच प्रोसेसर गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, दिसणारा पत्ता खऱ्या पत्त्यात बदलतो. त्यामुळे या नोंदी किंवा त्या तपासणारा कोड चुकला, की विलगीकरण संपले.

झेन या हायपरवायझरमध्ये २०१४ साली उघड झालेली त्रुटी पाहा. इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) हाताळणाऱ्या एपिक या भागाचे आभासी रूप गेस्टला पुरवताना २५६ रजिस्टरांची (छोट्या साठवणजागांची) मर्यादा हवी होती; कोडने ती १०२४ धरली. जादा रजिस्टरांवर लिहिले तर काहीच घडत नसे, पण वाचायला गेल्यास एपिकसाठी राखलेल्या एकाच पानाच्या पलीकडची मेमरी हाती येई, आणि तीत हायपरवायझरची किंवा अन्य गेस्टची माहिती असू शके. एवढा अनर्थ एका चुकीच्या आकड्याचा! पुढल्याच वर्षी झेनमध्ये सापडलेली त्रुटी मला अधिक गंभीर वाटते. पॅराव्हर्च्युअल (हायपरवायझरशी जुळवून घेण्यासाठी बदललेल्या) गेस्टच्या पेज टेबलांतील दुसऱ्या पातळीच्या नोंदींची तपासणी विशिष्ट परिस्थितीत वगळली जात होती, त्यामुळे गेस्टला मोठ्या आकाराच्या पानांमार्फत लिहिण्याचा अधिकार मिळवून संपूर्ण होस्टवर (मूळ सर्व्हरवर) ताबा घेता येत होता.

हायपरवायझर निर्दोष असूनही भिंत गळू शकते, हे ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेल्या एल१टीएफ या प्रोसेसरमधील त्रुटीने दाखवले. गेस्टच्या पेज टेबलातील नोंद ‘अनुपस्थित’ (पान सध्या मेमरीत नाही असे सांगणारी) असली, तरी इंटेलचे अनेक प्रोसेसर अंदाजाने पुढे काम करताना तिच्यातील पत्ता थेट खरा मानत आणि हायपरवायझरचे टेबल पाहतच नसत. त्या पत्त्यावरील माहिती एल१ कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतील छोट्या, जलद मेमरीत) असेल, तर तिचा माग वाचनाला लागणारा वेळ मोजून काढता येई. गेस्ट स्वतःची पेज टेबले स्वतःच लिहितो, म्हणून पत्ता निवडणेही त्याच्याच हाती. यावर उपाय म्हणून गेस्टकडे नियंत्रण देण्यापूर्वी एल१ डेटा कॅश रिकामी केली जाते. मात्र हायपरथ्रेडिंगमध्ये प्रोसेसरच्या एका कोअरचे दोन धागे (एकाच वेळी चालणारी कामे) तीच कॅश वापरतात, त्यामुळे परस्परांवर विश्वास नसलेली मशीन एका कोअरवर एकाच वेळी चालू न देणे किंवा हायपरथ्रेडिंग बंद करणे भाग पडते.

आपल्या मशीनमध्ये अपडेट बसवल्याने होस्टमधील त्रुटी बुजत नाही. ते काम सेवा देणाऱ्याचे आहे. हायपरवायझर आणि प्रोसेसरच्या मायक्रोकोडचे (त्याच्या अंतर्गत सूचनांचे) अपडेट केव्हा बसवले, हे त्यांना लेखी विचारावे. गुप्त किल्ल्या (एन्क्रिप्शनच्या की) हाताळणाऱ्या मशीनसाठी, खर्च परवडत असेल तर, इतर कोणाचे मशीन नसलेला स्वतंत्र होस्ट घ्यावा.