काठावरचे बहुमत आणि मध्यममार्गी सदस्य: व्हिप का चालत नाही, दबाव कुठे चालतो

प्रश्न असा आहे: २०२१-२२ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपद, प्रतिनिधिगृह आणि सिनेट अशी तिन्ही सत्ताकेंद्रे डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. तरीही जो मॅन्चिन आणि कीर्स्टन सिनेमा या त्यांच्याच दोन सिनेटरांनी बायडन यांच्या कार्यक्रमाचा मोठा भाग अडवून धरला. मग पक्षाने व्हिप काढून त्यांना वठणीवर का आणले नाही, आणि अशा मध्यममार्गी सदस्यांवर दबाव आणून काही साधते का? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यासाठी मात्र थोडे खोलात जावे लागेल.

अमेरिकी संसदेतही प्रतोद असतात, पण त्यांचे काम मुख्यतः मते मोजण्याचे आणि मनधरणी करण्याचे असते, आणि त्यांच्या आदेशामागे कायद्याचे कोणतेही बळ नसते. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आणले, आणि तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध एक मत टाकणेसुद्धा आमदारकी किंवा खासदारकी घालवण्यास पुरेसे ठरू शकते. याचा एक परिणाम असा झाला की पक्षात राहून एखाद्या विधेयकापुरता विरोध करणारा सदस्य आपल्याकडे जवळपास उरलाच नाही. एकट्याने वेगळे मत दिले तर पद जाते, पण दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर ते टिकते. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी नेमका हाच मार्ग घेतला. त्यामुळे आपण अमेरिकेकडे पाहताना ‘पक्षाविरुद्ध मत दिले म्हणजे फुटला’ असा हिशेब नकळत लावतो. तो तिथे लागू होत नाही. तिथे सदस्य सोमवारी पक्षाविरुद्ध मत देऊन मंगळवारी पक्षाच्या बैठकीत बसू शकतो. शिवाय पक्षश्रेष्ठींना त्याचे तिकीटही कापता येत नाही, कारण उमेदवार कोण हे पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. पुढचे सगळे याच शेवटच्या गोष्टीवर अवलंबून आहे.

आता त्या सिनेटचे गणित पाहू. जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियातील दोन्ही फेरनिवडणुका जिंकल्यावर डेमोक्रॅटिक गटाचे संख्याबळ ५० झाले. समोर रिपब्लिकनही ५०, आणि बरोबरी झाल्यास उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे निर्णायक मत. बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवण्यासाठीच ६० मते लागतात. त्यामुळे मोठे काही करायचे तर अर्थसंकल्पाशी निगडित अशी एक विशेष प्रक्रिया वापरावी लागे, ज्यात साधे बहुमत पुरते. पण त्यासाठीही पन्नासच्या पन्नास मते हवीत, म्हणजे प्रत्येक सदस्याच्या हाती नकाराधिकार आला. मॅन्चिन हे केवळ सर्वांत उजवीकडचे सदस्य होते म्हणून तो आधी त्यांच्या हाती दिसला.

याचा प्रत्यय ५ मार्च २०२१ रोजी आला. करोनाकाळातील मदतीचे १.९ लाख कोटी डॉलरचे विधेयक त्या दिवशी सभागृहात होते. बर्नी सँडर्स यांनी किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याची दुरुस्ती मांडली. तिच्यावरचे मतदान सकाळी सुरू झाले आणि जवळजवळ बारा तास उघडेच ठेवले गेले, कारण मधल्या वेळात मॅन्चिन बेरोजगार भत्त्याच्या तडजोडीवर अडून बसले होते. पक्षाने ज्या आकड्यांवर आपसात समझोता केला होता, ते त्यांना जास्त वाटत होते. कामकाज ठप्प होते, पक्षनेते त्यांच्याशी बोलत होते आणि खुद्द अध्यक्षांनी त्यांना दूरध्वनी केला. अखेर आठवड्याला ३०० डॉलर, तेही ६ सप्टेंबरपर्यंत, यावर तोडगा निघाला आणि दुसऱ्या दिवशी विधेयक ५० विरुद्ध ४९ ने संमत झाले.

मात्र त्या दिवसातली जी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, ती वेगळीच आहे. किमान वेतनाच्या दुरुस्तीच्या बाजूने ४२ मते पडली आणि विरोधात ५८. म्हणजे डेमोक्रॅटिक गटातले आठ जण विरोधात गेले. अंगठा खाली करणाऱ्या सिनेमा यांचे चित्रण जगभर फिरले, पण त्या यादीत न्यू हॅम्पशायरच्या दोन्ही महिला सिनेटर होत्या, मेनचे अपक्ष अँगस किंग होते, मोंटानाचे जॉन टेस्टर होते आणि बायडन यांच्या स्वतःच्या डेलावेअर राज्याचे दोन्ही सिनेटर होते. संताप मात्र दोघांच्याच वाट्याला आला. काठावरच्या सभागृहात हे नेहमी घडते. उघडपणे नाही म्हणणाऱ्या एकदोघांच्या आड, तेच मत मनात असणारे अनेक जण सुरक्षित राहतात, आणि उघड नाही म्हणणाऱ्याची त्यांना गरजही असते. म्हणून ‘दोघांनी अडवले’ हे वाक्य मी जपून वापरतो.

मॅन्चिन यांच्यावर पुढे जो दबाव आला, त्यात कसलीच कसर नव्हती. ३.५ लाख कोटी डॉलरच्या सामाजिक आणि हवामानविषयक योजनेसाठी सहकारी सिनेटरांनी जाहीर टीका केली. वॉशिंग्टनमध्ये ते ज्या नौकेवर राहत, तिच्याभोवती आंदोलक छोट्या होड्या घेऊन जमले. त्यांचे समितीचे अध्यक्षपद काढून घ्या, अशीही मागणी झाली. वास्तविक १.५ लाख कोटींपलीकडे आपण जाणार नाही, हे त्यांनी जुलै २०२१ मध्येच पक्षनेते चक शूमर यांना लेखी कळवले होते आणि त्या कागदावर शूमर यांचीही सही होती. तरीही आकडा त्या मर्यादेपर्यंत खाली येईना. शेवटी १९ डिसेंबरला मॅन्चिन यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत या विधेयकाला आपण मत देणार नसल्याचे सांगितले. व्हाइट हाउसने त्याच दिवशी त्यांचे नाव घेऊन, शब्द फिरवल्याचा आरोप करणारे कडक निवेदन काढले. त्यानंतर कित्येक महिने काहीही हलले नाही.

नाक दाबले की तोंड उघडते, हे खरे, पण नाक आपल्या हातात असावे लागते. २०२० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ट्रम्प यांना जवळजवळ ६९ टक्के मते मिळाली होती. तिथे मॅन्चिन २०१८ मध्ये सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने निवडून आले होते, आणि दुसरा कोणी डेमोक्रॅट तिथे निवडून येण्याची शक्यता नगण्य होती. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियातला संताप त्यांच्या जागेला धक्का लावू शकत नव्हता. उलट तो जितका वाढे, तितकी त्यांची घरची प्रतिमा घट्ट होई. समितीचे अध्यक्षपद काढले असते तर ते पलीकडे जाण्याची भीती होती, आणि ती पोकळ नव्हती. सभागृह असेच ५०-५० असताना मे २००१ मध्ये व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडल्यामुळे सिनेटचे नियंत्रण एका रात्रीत डेमोक्रॅटांकडे गेले होते. मॅन्चिन गेले असते तर न्यायाधीशांच्या नेमणुकाही रिपब्लिकन नेत्यांच्या मर्जीवर गेल्या असत्या. सगळ्यांत उजवा सदस्यही पक्षासाठी किती मोलाचा होता, हे संतापाच्या भरात फार थोड्यांनी ध्यानात घेतले.

मग त्यांचे मन वळवले कशाने? माझ्या मते त्यांच्या राज्यातल्या हितसंबंधांनी आणि बंद दाराआडच्या देवघेवीने. त्यांनी नकार दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोळसा खाणकामगारांच्या संघटनेने, युनायटेड माइन वर्कर्सने, फेरविचार करण्याचे आवाहन केले. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी झालेल्या कामगारांच्या निधीसाठी जो कर आकारला जातो, त्याची वाढीव मुदत वर्षअखेरीस संपत होती आणि ती वाढवण्याची तरतूद याच विधेयकात होती. ही संघटना त्यांच्या घरची. तिला त्यांना परके म्हणता येत नव्हते. पुढे जुलै २०२२ मध्ये शूमर आणि मॅन्चिन यांच्यात गुप्तपणे बोलणी होऊन जो मसुदा निघाला, त्यात तो कर कायमचा झाला, महागाई आणि तूट कमी करण्याची भाषा आली, हवामान आणि ऊर्जेसाठी सुमारे ३६,९०० कोटी डॉलर राहिले, आणि जोडीला नैसर्गिक वायूच्या वाहिनीचा मार्ग मोकळा करण्याचे आश्वासन मिळाले. ७ ऑगस्टला हॅरिस यांच्या मतासह ५१ विरुद्ध ५० ने तो कायदा संमत झाला. मूळ योजनेतील बालसंगोपन, रजा, शिक्षण यांतले बहुतेक सगळे गळाले, आणि मला त्याचे आजही वाईट वाटते. पण जे झाले ते अमेरिकेचे हवामानविषयक तोवरचे सर्वांत मोठे विधेयक होते, आणि ते आरडाओरड्याने झालेले नाही.

सिनेमा यांची गोष्ट निराळी, आणि दबावाचा परिणाम तपासायला अधिक उपयोगी. ॲरिझोना बायडन यांनी अगदी थोडक्या मतांनी का होईना, जिंकले होते. म्हणजे तिथे दुसरा डेमोक्रॅट निवडून येऊ शकत होता, आणि प्राथमिक निवडणुकीत त्यांना पाडता येणे शक्य होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये काही कार्यकर्ते त्यांच्या मागे विद्यापीठातल्या स्वच्छतागृहापर्यंत चित्रीकरण करत गेले. हा प्रकार मला मुळीच समर्थनीय वाटत नाही आणि त्याने त्यांचे मतही बदलले नाही. जानेवारी २०२२ मध्ये मतदानहक्काच्या विधेयकासाठी ६० मतांचा नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव ४८ विरुद्ध ५२ ने पडला, तेव्हा मॅन्चिन यांच्याबरोबर त्याही विरोधात होत्या. तीन दिवसांत त्यांच्याच राज्यातील पक्षाच्या कार्यकारिणीने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. हा दबाव खरा होता, कारण त्यामागे त्यांची उमेदवारी काढून घेऊ शकणारे मतदार उभे होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी पक्ष सोडून अपक्ष म्हणून नोंदणी केली. त्याने प्राथमिक निवडणूक टळली, पण मार्च २०२४ मध्ये त्यांनी निवडणूकच न लढवण्याचे जाहीर केले, आणि ती जागा रुबेन गायेगो या डेमोक्रॅट उमेदवाराने जिंकली. मॅन्चिन यांनीही उभे न राहण्याचा निर्णय घेतला होता, आणि त्यांची जागा रिपब्लिकन पक्षाकडे गेली. दोन्ही रिकाम्या जागांचे पुढे काय झाले, यावरूनच दोघांवरच्या दबावातला फरक कळतो.

प्राथमिक निवडणुकीचा धाक किती प्रभावी असतो, हे रिपब्लिकन पक्षात अधिक ठळक दिसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ते, पूल आणि पाणीपुरवठ्यासाठीच्या विधेयकाला प्रतिनिधिगृहातील १३ रिपब्लिकनांनी मत दिले. त्यांच्याच पक्षाच्या एका सदस्येने या तेरा जणांची नावे कार्यालयीन दूरध्वनी क्रमांकांसह समाजमाध्यमावर टाकली. मिशिगनचे फ्रेड अप्टन यांना त्यानंतर आलेल्या धमक्यांचा ध्वनिमुद्रित संदेश दूरचित्रवाणीवर ऐकवला गेला. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले. वेस्ट व्हर्जिनियाचे डेव्हिड मॅकिन्ली हेही तेरांपैकी एक. राज्याची एक जागा कमी झाल्याने त्यांना स्वपक्षाच्याच ॲलेक्स मूनी यांच्याशी लढावे लागले. ट्रम्प यांनी मूनी यांना पाठिंबा दिला. मॅन्चिन यांनी पक्षाची भिंत ओलांडून मॅकिन्ली यांच्यासाठी जाहिरात केली, तरी मे २०२२ मध्ये ते मोठ्या फरकाने हरले. आपल्या डोंगराळ, खडबडीत रस्त्यांच्या राज्याला निधी मिळावा म्हणून दिलेले मत त्यांना भोवले. त्यानंतर इतर सदस्यांना फोन करण्याचीही गरज फारशी उरत नाही, कारण हे उदाहरण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असते. मध्यममार्गी सदस्यांची संख्या अशीच घटत जाते.

मग या धाकातून सुटलेला कोणी आहे का? अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मुर्कोवस्की यांचे नाव मी घेईन. २०१० मध्ये त्या प्राथमिक निवडणूक हरल्या, तरी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून देणाऱ्या मतदारांच्या जोरावर निवडून आल्या. २०२० मध्ये तिथल्या जनतेने पद्धतच बदलली. आता सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक फेरीत उतरतात, पहिले चार पुढे जातात आणि अंतिम मतदान पसंतीक्रमाने होते. महाभियोगात ट्रम्प यांना दोषी ठरवणारे मत देऊनही २०२२ मध्ये त्या ट्रम्प-समर्थित उमेदवाराला हरवू शकल्या, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे. उत्तर कॅरोलायनाचे थॉम टिलिस यांना असे कवच नव्हते. जून २०२५ च्या अखेरीस त्यांनी कर आणि खर्चकपातीच्या मोठ्या विधेयकाला विरोध करताच ट्रम्प यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार शोधण्याची भाषा केली. दुसऱ्याच दिवशी टिलिस यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले आणि मग सभागृहात उभे राहून गरिबांच्या आरोग्यविम्यातील कपातीवर सविस्तर टीका केली.

१ जुलैला ते विधेयक उपाध्यक्षांच्या मताने ५१ विरुद्ध ५० असे संमत झाले. टिलिस, सुसान कॉलिन्स आणि रँड पॉल विरोधात होते. चौथे मत मुर्कोवस्की यांचे ठरू शकले असते, आणि प्राथमिक निवडणुकीची टांगती तलवार त्यांच्यावर इतरांइतकी नव्हती. त्यांनी अलास्कासाठी अन्नसाहाय्याच्या नियमांत सवलती मिळवल्या, हा निर्णय यातनादायक असल्याचे उघड सांगितले आणि बाजूने मत दिले. मला ते मत पटले नाही. पण ते धाकाने दिलेले नव्हते, आपल्या राज्यासाठी सौदा करून दिलेले होते, आणि मॅन्चिन यांनी २०२२ मध्ये केले तेही याच जातीचे होते.