विंडोजच्या बाजूला उबुंटूचं (लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) बीटा, म्हणजे फायनलच्या आधीची चाचणी आवृत्ती, टाकलं तर विंडोज उडेल का?

नाही उडत, पण घाई केली तर डेटा जाऊ शकतो, म्हणून आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घ्याच. मग बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का बघा, असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बूटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होण्याच्या पद्धतीत, बदल झाला की विंडोज तीच मागत बसतं आणि तेव्हा शोधाशोध करायची म्हणजे हाल होतात. फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता पटकन सुरू करणारी सोय) बंद करा. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, ५० जीबी तरी ठेवा, आणि इन्स्टॉल करताना ईएफआय पार्टिशन (डिस्कचा बूट फाइल्स असलेला छोटा भाग) अजिबात फॉरमॅट करू नका, दोन्ही सिस्टिम तिथूनच सुरू होतात.

बीटा म्हणजे अजून काम चालू असलेलंच असतं हो, २०२४ मध्ये उबुंटू २४.०४ चं बीटा एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या बॅकडोरमुळे (लपवलेल्या चोरवाटेमुळे) आठवडाभर पुढे गेलं होतं. फायनल आलं की परत इन्स्टॉल करावं लागत नाही, नेहमीचे अपडेट घेत राहिलं की झालं. पण ऑफिसचं रोजचं काम याच मशीनवर असेल तर माझं ऐका, आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, साउंड नीट चालतंय का तेवढं बघा.