ओपीडीच्या रांगेसमोरची भिंत माग

बाळा, प्रदर्शनासाठी सभागृह मागू नकोस. केसपेपर घेऊन तासभर बसणाऱ्यांसमोरची भिंत माग. तिथं माणसं चित्राकडं खरंच बघतात. व्हीलचेअरवरून नीट दिसावं म्हणून चित्राचा मध्य जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेव. काच नको, ट्यूबलाइट चमकते.

कुष्ठरोगमुक्त चित्रकारांची चित्रं असतील तर पाटीवर आधी त्यांचं नाव, मग त्यांचेच शब्द. आजाराचा उल्लेख करायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू दे. आमच्या पहिल्या प्रदर्शनात मी ‘बोटं नसतानाही’ असं लिहिलं होतं. चित्रकार बाई पाटीसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. ते मला अजून सलतं.

एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ६ ते १२ महिन्यांत उपचार पुरे होतात, हे मात्र शेजारी ठळक लाव. उद्घाटनाची फीत चित्रकारांच्याच हातून कापून घे.