युद्धात राखीव फौज लपवून का ठेवतात? सगळी ताकद एकदम का लावत नाहीत?

कारण जे शत्रूला दिसत नाही त्याचा हिशोब त्याला धरताच येत नाही, आणि तो चुकीच्या जागी निर्धास्त राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या स्टॅलिनग्राड शहराच्या लढाईचंच बघा, सोव्हिएत सैन्याने रात्री हालचाली करून, रेडिओ बंद ठेवून लाखो सैनिक शहराच्या दोन्ही बाजूंना जमवले, जर्मनांना थोडी कुणकुण होती पण एवढी मोठी फौज असेल असं वाटलंच नाही, १९ नोव्हेंबर १९४२ ला हल्ला जर्मनांच्या साथीला असलेल्या कमकुवत रोमानियन तुकड्यांवर झाला आणि २३ तारखेपर्यंत जर्मनांच्या बाजूचं अडीच लाखांच्या आसपास सैन्य वेढ्यात अडकलं. फक्त एक, शत्रूने हल्लाच करू नये असं वाटत असेल तर लपवून उपयोग नाही, तेव्हा ताकद दिसलीच पाहिजे.