धडधड चालू असतानाचा ईसीजी जपा

बसल्या जागी अचानक धडधड, नाडी १८०, वीस मिनिटांनी एकदम शांत, ईसीजी निघेपर्यंत सगळं नॉर्मल आणि डॉक्टरांचं 'टेन्शन घेऊ नका'. ताई, तुमच्या बहिणीचं हे वाचून राहवलं नाही. आमच्या घरी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

हळूहळू वाढून हळूहळू उतरणारी धडधड वेगळी. एका ठोक्यात सुरू होऊन एका ठोक्यात थांबणारी बऱ्याचदा एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून सुरू होणारी जलद धडधड) निघते: हृदयात विजेची एक जादा वाट असते आणि लहर तिच्यातून गोल फिरत राहते. ईपी तज्ज्ञ (हृदयाच्या विजेचे, तालाचे डॉक्टर) आधी खोदून विचारतात. मानेत ठोके उडतात का, नंतर खूप लघवी होते का, कधी शुद्ध हरपली का, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं का. उत्तरं लिहून न्या. शेवटच्या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट पाहत बसू नका.

त्यानंतर ते मागतात धडधड चालू असतानाचा ईसीजी. आमचा घात इथेच झाला. कॅज्युअल्टीत निघालेली ती एकमेव पट्टी जपायची म्हणून आम्ही लॅमिनेट केली. तो कागद थर्मल असतो, उष्णतेने पूर्ण काळा पडला. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'धडधड, आता बरे'. दुसरी प्रत मागायला गेलो तर रेकॉर्ड विभागाच्या खिडकीवर 'फाइल खाली आहे', 'अर्ज आणा', 'पेशंटलाच पाठवा'. अजून आठवलं तरी संताप होतो. भरती रुग्णाची कागदपत्रं ३ वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.

पण तिथवर जाऊच नका. ईसीजी निघाल्या निघाल्या मोबाइलवर बरोबर वरून फोटो काढा. नाव, वेळ, कागदाचा वेग आणि बाराही लीड (वेगवेगळ्या बाजूंनी टिपलेल्या रेघा) दिसले पाहिजेत. मग साध्या कागदावर झेरॉक्स. मूळ पट्टी प्लास्टिकच्या पाउचमध्ये नको, तिथेही ती पुसट होते.

धडधड तोडायला अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन देणार असतील तर मशीन चालूच ठेवायला सांगा. ताल तुटतो त्या क्षणीच्या ठोक्यांवरून तज्ज्ञाला वाटेचा अंदाज येतो. हे औषध काही सेकंदच टिकतं, म्हणून कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून ६ मिलिग्रॅम झटकन आणि लगेच मागून सलाइनचा जोर लागतो. नाही थांबलं तर १२. मनगटाच्या बारीक सुईतून सावकाश दिलं की बऱ्याचदा काम होत नाही आणि 'इंजेक्शन लागू पडलं नाही' अशी नोंद होते. छातीवर काही सेकंद दडपण येतं, हे बहिणीला आधी सांगा. दमा असेल तर तो डॉक्टरांना सांगा.

एरवीचे जुने ईसीजीही न्या. पीआर अंतर (लहर वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायचा वेळ) १२० मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि डेल्टा लहर (मोठ्या ठोक्याच्या सुरुवातीचा तिरका चढ) असेल तर तो डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे जन्मजात जादा वाटेचा आजार, असू शकतो, आणि अशा पट्टीवर 'नॉर्मल' लिहिलेलं असू शकतं. यात धडधड अनियमित झाली तर व्हेरापामिल हे धडधडीवरचं नेहमीचं औषध घातक ठरू शकतं, तेव्हा शेजाऱ्यांच्या गोळ्या मुळीच नकोत.

महिन्यातून एकदा होणाऱ्या धडधडीला २४ तासांच्या होल्टरवर (अंगावर बांधायचा ईसीजी रेकॉर्डर) पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत. जास्त दिवसांचा रेकॉर्डर मागा. ईसीजी काढणारं मनगटी घड्याळ असेल तर त्याची पीडीएफ चालते.

डॉक्टरांची हरकत नसेल तर हा उपाय शिकून घ्या: १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतकी १५ सेकंद फुंकर, मग लगेच आडवं पडून कुणीतरी पाय ४५ अंशांत १५ सेकंद धरायचे. २०१५ च्या चाचणीत याने ४३ टक्के रुग्णांची धडधड थांबली, नुसत्या फुंकरीने १७ टक्के.

अब्लेशन (शिरेतून नळी घालून ती जादा वाट जाळणं) सुचवलं तर घाबरू नका. एसव्हीटीच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात ते बहुतेकांना गुण देतं. पेसमेकर लागण्याचा धोका छोटा, पण तुमच्या तज्ज्ञांचा स्वतःचा आकडा तोंडावर विचारा. तपासणीआधी गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

चोवीस तास १२ लीडचा ईसीजी निघणारी जवळची जागा आजच शोधून ठेवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र गाडी काढू नका, थेट १०८.