'जाळली', 'दहन केली' की 'अग्नी दिला'?

प्रश्न असा आहे: धर्मग्रंथाची प्रत जाळल्याच्या बातमीत कुणी 'दहन' लिहितं, कुणी 'होळी', कुणी 'विटंबना', तर कुणी नुसतंच 'जाळली'. यातला बरोबर शब्द कोणता? आणि 'दहन' म्हटलं की ते कृत्य मान्य होतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही होत. पण 'दहन' म्हटल्यावर ते मान्य असल्यासारखं वाटतं खरं, आणि तसं वाटायला कारण आहे.

व्युत्पत्तीत काही सापडणार नाही. 'दहन' दह् धातूवरून, 'जाळणे' ज्वल् वरून, दोन्हींत विस्तवच. अमरकोशात तर 'दहन' हे अग्नीचंच एक नाव आहे, आणि त्याच यादीत 'पावक', म्हणजे शुद्ध करणारा, हेही आहे. फरक पडला तो वापराने. मराठीत दहन कशाकशाचं होतं ते आठवून पाहा: होलिकादहन, रावणदहन, लंकादहन, मदनदहन आणि शवदहन. म्हणजे एक तर जे जळायलाच हवं होतं असं सांगणारा मानतो ते, नाहीतर ज्याला रीतसर निरोप द्यायचा तो देह. शेजाऱ्याच्या घराचं दहन होत नाही, दुकानाचं होत नाही. तिथे जाळपोळ होते. वर्तमानपत्रं हा भेद न चुकता पाळतात: पुतळ्याचं दहन, परिपत्रकाची होळी, गाड्यांची जाळपोळ, आणि कुणी लावली ते ठाऊक नसेल तर गोदाम 'आगीच्या भक्ष्यस्थानी' पडतं. 'दहन' लिहिणारा माणूस नकळत सांगून जातो की हा विधी होता आणि तो करण्याचा करणाऱ्याला अधिकार होता.

याउलट 'जाळणे'. घरातल्या माणसाबद्दल 'आम्ही त्यांना जाळलं' असं कोणी म्हणत नाही. 'अग्नी दिला' म्हणतात. क्रिया तीच, पण 'देणे' आलं की जळणारी वस्तू घेणारी होते. 'जाळून टाकलं' म्हटलं की नेमकं उलटं: 'टाकणे'ने ती वस्तू नकोशी ठरवली. 'जळलं मेलं ते!' हा तर शापच. (दिवासुद्धा आपण 'जाळत' नाही, 'लावतो'.)

आता ग्रंथांकडे. मराठीत या बाबतीत 'दहन' हा शब्द पक्का बसला तो महाडमुळे. 25 डिसेंबर 1927 च्या रात्री बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत तिथे मनुस्मृती जाळली गेली. त्या प्रसंगाचे तपशील शब्दाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहेत. दीड फूट लांब-रुंद, सहा इंच खोल खड्डा, त्यात चंदनाची लाकडं, चार कोपऱ्यांना खांब आणि खांबांवर फलक. त्यातल्या एका फलकावर शब्द होता 'दहनभूमी'. चंदन आणि दहनभूमी, दोन्ही अंत्यविधीच्या भाषेतले. पुस्तक चुलीत कोंबलं नव्हतं, रस्त्यावर फेकून काडी लावली नव्हती. ज्या ग्रंथाने शूद्रांना आणि स्त्रियांना त्यांची पायरी नेमून दिली, त्याचा अधिकार आता संपला, हे सांगण्यासाठी त्याला मृताचा मान दिला. मला तरी यात कमालीची भाषिक जाण दिसते.

शिवाय हे अचानक केलेलं कृत्य नव्हतं. परिषद भरली, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला (ते जन्माने ब्राह्मण, हे मुद्दाम सांगायला हवं), ठराव मंजूर झाला आणि मग अग्नी. त्याच वर्षी 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतल्यावर लोकांना मार खावा लागला होता. डिसेंबरमधली परिषद त्याच लढ्याचा पुढचा टप्पा. पुढे बाबासाहेबांनी आपल्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकात या कृतीची तुलना विदेशी कापडाच्या होळीशी केली. म्हणजे 'होळी' हा शब्दही चुकीचा नाही. पण होळी म्हटली की निषेध आणि गर्दी डोळ्यांपुढे येते, दहन म्हटलं की विधी. महाडला दोन्ही होतं, रूढ मात्र 'दहन' झालं.

आता धर्मग्रंथ जाळणं कधी योग्य असू शकतं का? माझं उत्तर 'हो' आहे, आणि महाड हे माझं पहिलं उदाहरण. त्या ग्रंथाचे नियम ज्यांच्या पाठीवर उमटले होते तेच तो जाळत होते. प्रत कोणाच्या देवघरातून ओढून आणलेली नव्हती. याच्या शेजारी 1242 साल ठेवा. पॅरिसमध्ये तालमूद या ज्यू धर्मग्रंथाची हस्तलिखितं ज्यूंकडून जप्त करून गाड्या भरभरून आणली आणि जाळली. किंवा 1499 च्या सुमाराचं स्पेनमधलं ग्रानादा, जिथे सिस्नेरोस या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याने अरबी ग्रंथांचे ढीग पेटवले. तिथे जाळणाऱ्यांच्या हाती सत्ता होती, ज्यांचे ग्रंथ होते त्यांच्या हाती काहीच नव्हतं. हाताने नकललेल्या पोथ्यांच्या काळात जप्ती म्हणजे ते ज्ञानच नाहीसं करणं. अशा वेळी 'दहन' लिहिणं म्हणजे जाळणाऱ्याची तळी उचलणं.

दुसरा मान्य प्रकार म्हणजे भक्तांनीच जीर्ण प्रतीला दिलेला निरोप. शीख परंपरेत गुरू ग्रंथसाहिबाच्या जीर्ण झालेल्या प्रतींवर अग्निसंस्कार होतो. त्याला 'अगन भेट' म्हणतात. पुन्हा 'देणे'च! कुराणाच्या जुन्या प्रती बहुतेक ठिकाणी कापडात गुंडाळून पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. जाळण्याबद्दल पंडितांमध्ये मतभेद आहेत. पण ज्यांना ते चालतं ते खलिफा उस्मान यांचा दाखला देतात: सातव्या शतकात प्रमाण संहिता ठरल्यावर इतर प्रती जाळायचा आदेश त्यांचाच होता. ज्यू लोक जीर्ण ग्रंथ 'गनिझा' नावाच्या कोठीत साठवतात आणि पुढे पुरतात. हिंदू घरांत जीर्ण पोथीचं विसर्जन होतं. या सगळ्याला मराठीत 'अग्निसंस्कार', 'विसर्जन', 'समर्पण' हेच शब्द शोभतात. 'विल्हेवाट' नको, ती कचऱ्याची लागते.

पण भक्तांची रीत परक्याने उचलली की काय होतं, ते अफगाणिस्तानात बगराम इथे फेब्रुवारी 2012 मध्ये दिसलं. अमेरिकी तळावरच्या कैदखान्याच्या ग्रंथालयातून काढलेली पुस्तकं, त्यात कुराणाच्या प्रतीही, कचरा जाळायच्या खड्ड्यात गेली. अफगाण कामगारांनी ते पाहिलं आणि देशभर उद्रेक झाला, माणसं मेली. 'हेतू नव्हता' हे खरं असेलही, पण खड्डा कचऱ्याचा होता. महाडचाही खड्डाच होता, त्यात मात्र चंदन होतं.

खरी पंचाईत तिसऱ्या प्रकाराची. जून 2023 मध्ये, ईदच्या दिवशी, स्टॉकहोमच्या मशिदीसमोर इराकमधून आलेल्या एका निर्वासिताने कुराण जाळलं. प्रत कोणाकडून हिसकावलेली नव्हती, पोलिसांची परवानगी होती, आणि आपला विरोध ग्रंथाला आहे असाच त्याचा दावा होता. मग हे महाडसारखं का नाही? मला ते तसं वाटत नाही, कारण जागा आणि दिवस. ईदच्या दिवशी मशिदीसमोर गेलेला माणूस ग्रंथाशी कमी आणि नमाजाला आलेल्या लोकांशी जास्त बोलत असतो. कायद्याने त्याला अडवावं का, हा वेगळा वाद. डेन्मार्कने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असं करण्यावर बंदी घातली, स्वीडनमध्ये वाद चालू राहिला. भारतात भारतीय न्याय संहितेचं कलम 298 (आधीच्या दंडविधानातलं 295) पवित्र मानलेल्या वस्तूच्या नाशाबद्दल आहे, आणि पवित्र ग्रंथही अशा वस्तूंत येतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच सांगितलं आहे. मात्र त्यातही अपमानाचा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते. नुसती आग पुरत नाही.

मराठीत अशा हेतूसाठी शब्द आहे 'विटंबना'. पण बातमीच्या पहिल्या वाक्यात तो लिहिला की निकाल आधी आणि घटना नंतर, असं होतं. आपल्याकडे तुकोबांच्या वह्यांबद्दल परंपरा काय म्हणते पाहा: इंद्रायणीत 'बुडवल्या'. पाणी तेच, नदी तीच, पण कोणी 'विसर्जन केल्या' म्हणत नाही, कारण ते तुकोबांच्या मनाने झालं नव्हतं. आणि 'विटंबना केली' असंही म्हणायची गरज पडली नाही. 'बुडवल्या' एवढं पुरलं.

तेव्हा बातमी लिहायची असेल तर 'प्रत जाळली' लिहा, आणि कोणी, कोणाची, कुठे ते लगेच सांगा. करणारे स्वतः 'दहन' म्हणत असतील तर तो शब्द अवतरणात. भक्तांनी निरोप दिला असेल तर 'अग्निसंस्कार'. लेख लिहून बाजू घ्यायची असेल तर 'दहन' किंवा 'विटंबना' खुशाल वापरा, फक्त आपण बाजू घेतली आहे हे विसरू नका. 'भस्मसात' मात्र शक्यतो टाळा, तो उगाच नाटकी वाटतो.

जाता जाता शुद्धलेखनाचं: समास म्हणून जोडून लिहिलंत तर 'मनुस्मृतिदहन', ति ऱ्हस्व. 'मनुस्मृती दहन दिन' असं तोडून लिहायची रीत फलकांवर इतकी रुळली आहे की तिथे मी लाल पेन काढत नाही.